गळ्याचा वाटा

आमच्या गावात एक बोलणं रूढ होतं: वरच्या घरच्या बायका हिवाळ्यात चावतात. बोलणाऱ्यांना लाज नव्हती आणि ऐकणाऱ्यांना तर त्याहून नव्हती. दुकानात, बंदरावर, अगदी चर्चच्या दारात उभं राहूनही लोक हे म्हणायचे आणि फिदीफिदी हसायचे. आधी ते मालानबद्दल म्हणत. मालान गेली, तिला माती देऊन झाली, आणि पुढच्याच हिवाळ्यात तेच बोलणं तिच्या सुनेला, बिल्लाला, चिकटलं. घर तेच, टोमणा तोच, फक्त बाई बदलली.

आता बिल्ला काही गरीब गाय नव्हती, खोटं कशाला बोला. फॅरो बेटांवरचा वारा तोंडातला शब्द पळवतो, म्हणून आम्ही सगळेच जरा वरच्या पट्टीत बोलतो, पण बिल्ला बोलली की दोन घरं पलीकडच्या माणसाला खिडकी लावावी लागायची. पण तिच्या रागाला कारण असायचं. गावच्या वृद्धाश्रमात ती कित्येक वर्षं काम करत होती. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायची, औषधं द्यायची. सूप कोमट आलं की उठून स्वयंपाकघरात जाऊन भांडायची. कुणाचा लेक महिनोन्महिने फिरकला नाही तर त्याला भर रस्त्यात गाठून म्हणायची, "आई विसरलास, पण तिच्या मेंढ्यांचं मटण बरं आठवणीनं घेऊन गेलास रे!" असं तोंडावर ऐकवणारं माणूस कुणाला आवडतं? म्हाताऱ्यांना आवडायचं. बाकी कुणाला नाही.

मालान गेली त्या वर्षी मात्र मेंढ्या कापायचे दिवस सरले आणि तिचं काहीतरी बिनसलं. नाताळ येईतो तिचे हात थरथरायला लागले. कॉफीचा कप बशीत ठेवला की खडखड वाजायचा. आडवी पडली की छाती अशी धडधडायची की कानात ऐकू यायचं. झोप उडाली. सगळं गाव लोकरीत गुंडाळून बसलेलं असताना ही बाई खिडक्या सताड उघडून घाम पुसत बसायची. खायची ट्रॉलरवरच्या खलाशासारखी, आणि अंगाला काही लागायचं नाही. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. घराकडे जाणारा चढ ती सून म्हणून आल्यापासून पळत चढलेली, आता मध्येच मांड्या भरून यायच्या आणि कुंपणाला धरून उभं राहावं लागायचं.

आणि गाव काय म्हणत होतं? "काय गं बिल्ला, काय बारीक झालीस! काय खातेस, आम्हालाही सांग की."

"मटण खाते, बटाटे खाते. दुसरं काय खाणार, वारा?"

खरं तेच सांगत होती बिचारी. पण ते खरं किती खरं आहे, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

तिचा नवरा हानुस हा बोलायला महाकंजूष. मेंढ्या सांभाळणारा, आणि सुरीला गावात एक नंबर. मेंढ्या कापायच्या दिवसांत निम्मं गाव आपापली जनावरं त्याच्याच शेडमध्ये आणायचं. तो एक दिवस म्हणाला, "बिल्ला, तू डॉक्टरकडे जा."

"का? मला काय धाड भरलीय?"

"काल शेडमध्ये मेंढीवर ओरडत होतीस."

"ओरडणारच! आकड्यावरून निघत नव्हती मेली."

"मेलीच होती गं. ऑक्टोबरपासून वाळत टांगलीय."

मग मात्र ती गेली.

डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. त्यानं नाडी पाहिली, पसरलेल्या बोटांवर कागद ठेवून तो कसा थरथरतो ते पाहिलं, मागे उभं राहून गळा चाचपला. गळ्याला गाठ नाही, सूज नाही, दुखत नाही. रक्त घेतलं. ते पाहून आणखी रक्त घेतलं. मग राजधानीच्या इस्पितळात पाठवून गळ्याचा स्कॅन केला. शेवटी तिला समोर बसवून हात जोडल्यासारखे टेबलावर ठेवले, तेव्हाच बिल्लाला कळलं की आता हा काहीतरी वाईट बोलणार.

"मेंदूच्या खाली एक छोटी ग्रंथी असते," तो म्हणाला. "ती गळ्यातल्या थायरॉईडला हुकूम सोडते. त्या हुकमाचं नाव टीएसएच. अंगात थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की हुकूम वाढतो, जास्त झालं की बंद होतो. तुमचा टीएसएच जवळजवळ शून्य आहे. आणि टी-थ्री, टी-फोर, म्हणजे प्रत्यक्ष हार्मोन, दोन्ही भलतेच चढलेत."

"म्हणजे माझी थायरॉईड माजलीय. द्या औषध."

"तेच तर नाही. माजलेली असती तर स्कॅनवर उजळून दिसली असती. तुमची मुळीच दिसत नाही. ती गप्प झोपलीय. स्वतःच्याच ग्रंथीवर उठणारी प्रतिद्रव्यं असतात, तीही तुमच्या रक्तात नाहीत."

"मग सुजली असेल."

"सुजून आतला साठा गळत असता तर थायरोग्लोब्युलिन नावाचं एक प्रथिन रक्तात खूप सापडलं असतं. तुमचं तळाला गेलंय." तो थांबला. "याचा अर्थ एकच निघतो. हार्मोन बाहेरून येतंय. बिल्ला, तुम्ही कुठल्या गोळ्या घेता?"

"कुठल्याच नाही."

"वजन उतरवायला पुष्कळ जणी घेतात. सांगा. मी रागावणार नाही."

"तुम्ही रागावणार नाही?" बिल्ला उभीच राहिली. "अहो, इथे मी रागावलेय! मी सांगतेय नाही म्हणून, ते ऐकू येत नाही, आणि रक्त बोललं ते बरं ऐकू येतं?"

"रक्त खोटं बोलत नाही," डॉक्टर हळूच म्हणाला.

"आणि मी बोलते?"

त्यानं रिपोर्टची घडी करून पाकिटात घातली. ते पाकीट घेऊन ती घरी आली.

दुसऱ्या कुणी ही गोष्ट पोटात ठेवली असती. बिल्लाच्या पोटात काही राहत असतं तर काय हवं होतं! दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमातल्या कॉफीच्या टेबलावर तिनं सगळं ओतलं. "म्हणे मी चोरून थायरॉईडच्या गोळ्या खाते! पोरगं कालचं, आणि मला शिकवतंय!" सगळ्यांनी च् च् केलं. टेबलाच्या टोकाला एल्स्पा बसली होती, आश्रमाची प्रमुख. तिच्या डोक्यात आर्मगार्द आली होती.

आर्मगार्द म्हणजे आश्रमातली सगळ्यात जुनी म्हातारी. तिची थायरॉईड कधीचीच आटलेली, म्हणून तिला रोज सकाळी एक गोळी लागायची, आणि ती गोळी द्यायची बिल्ला. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, कॉफीच्या बरंच आधी. म्हातारी गिळते का, ते तोंड उघडायला लावून बघायची. मग हेमंतात एल्स्पानं नवा नियम काढला: सगळ्यांची सगळी औषधं एकाच वाटीत, नाश्त्याबरोबर. हाडांच्या कॅल्शियमच्या गोळ्या, रक्ताच्या, झोपेच्या, सरसकट. बिल्ला भांडली होती. "आर्मगार्दची गोळी एकटी द्यायची असं तिची जुनी डॉक्टर सांगून गेलीय." एल्स्पा बाकीच्यांकडे बघून हसली होती. "हिवाळा लवकर आला वाटतं यंदा." सगळे हसले, आणि वाट्या ठरल्या त्या ठरल्या; भरवायच्या मात्र बिल्लानंच.

त्या हिवाळ्यात आर्मगार्द मंदावत गेली. तोंड सुजल्यासारखं, डोळ्यांखाली फुगलेलं, कातडी खरखरीत. सारखी थंडी वाजायची, सारखी डुलकी लागायची. आवाज जाड आणि घोगरा झाला. एकेक शब्द असा सावकाश यायचा की पुढचा येईपर्यंत ऐकणारा निघून जायचा. तिच्या रक्तात टीएसएच भरमसाट वाढलेला निघाला. म्हणजे अंग हार्मोन मागतंय आणि त्याला मिळत नाही.

एल्स्पानं दोन आणि दोन चार केले. एकीला गोळी पोचत नाही, दुसरीच्या रक्तात गोळी मावत नाही. आणि औषधाच्या कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला?

जेवणाच्या हॉलमध्ये, मासे वाढले जात असताना, सगळ्यांच्या देखत एल्स्पानं बिल्लापुढे हात पसरला. "किल्ली दे, बिल्ला."

"कशाला?"

"दे तर. थोडे दिवस घरी बस. विश्रांती घे."

बिल्लाला कळायला क्षणभर लागला. मग तिच्या तोंडाला जे आलं ते ती बोलली, आणि जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. हात लटलट कापत होते. बघणारे त्या हातांकडेच बघत होते, की बघा, चोरी पकडली गेली की कशी कापते बाई! तिनं किल्ली काढली आणि एल्स्पाच्या हातात न देता उकडलेल्या बटाट्यांच्या भांड्यात टाकली.

कोपऱ्यातून आर्मगार्दचा घोगरा आवाज आला. "तिनं... मला... रोज..."

कुणी थांबलं नाही. बटाट्यातून किल्ली काढायची होती ना सगळ्यांना!

आमच्या गावात चोर हा शब्द कुणी उच्चारत नाही. तसं गाव सभ्य आहे, जळो ती सभ्यता. इथे दारांना कुलपं नाहीत. शेजारणीच्या घरात शिरावं, स्वतःच कॉफी ओतून घ्यावी, ही रीत. बिल्ला एका दुपारी अशीच शेजारणीकडे शिरली. शेजारीण हसली, बस म्हणाली, रेवाचिनीच्या आंबट देठांच्या मुरंब्याची बरणी काढली, आणि बोलता बोलता टेबलावरची नवऱ्याच्या औषधांची डबी उचलून वरच्या कपाटात ठेवली. हळूच, जणू टेबल पुसायचं होतं. बिल्लानं कॉफी तशीच सोडली आणि उठली. दुसरीकडे कुठे पुन्हा गेली नाही.

पण खरा घाव घातला तो लेकीनं. रान्वाचं उन्हाळ्याअखेरीस लग्न होतं, राजधानीत. लग्नाला आईनं आपला पारंपरिक पोशाख घालायचा, छातीवर चांदीची साखळी आवळून बांधायची ती चोळी. मागच्या वर्षी चोळीची दोन टोकं एकमेकांच्या नजरेलाही पडत नव्हती. आता ती सैल पडत होती. रान्वाचा फोन आला.

"आई, मी चिडणार नाही. खरं सांग. चोळीसाठी घेतल्यास का गोळ्या?"

बिल्ला ओरडली नाही. ती ओरडली नाही हे पाहून हानुस घाबरला. तिनं फोन ठेवला, चोळी घडी करून पेटीच्या तळाशी टाकली आणि म्हणाली, "लग्नाला तू एकटा जा. चोर ठरलेली बाई कशाला मांडवात?"

हानुस उठला, फ्रीजर उघडला आणि तिच्यासाठी खिम्याचे गोळे तळायला घेतले. "खा. खंगलीस पार," म्हणाला. हे गोळे म्हणजे वरच्या घरची जुनी चाल. मेंढ्या कापल्या की आतडी धुणारी, रक्त घुसळणारी जी घरची बाई, तिला गळ्याचा वाटा. जिभेच्या मुळापासून छातीपर्यंतचं नळीभोवतीचं मऊ मांस. बाकीच्या घरांत ते कुणी खात नाही, फेकतात. हानुसच्या घरात फेकत नसत, आणि आता तर शेजारीही आपल्या मेंढ्यांचे गळे त्याच्याच शेडमध्ये सोडून जात. त्या सगळ्याचा खिमा केला की हिवाळाभर पुरायचा. आयुष्यभर हा वाटा मालाननं खाल्ला. ती गेल्यावर तो सुनेकडे आला. चिवट तुकडे मात्र कुत्र्याला.

कुत्र्याचं नाव ब्रान्दुर. मेंढ्या वळवण्यात त्याचा हात धरणारा कुत्रा त्या डोंगरावर नव्हता. पण त्या हिवाळ्यात तोही कामातून गेला. बरगड्या मोजून घ्याव्यात असा वाळला, सारखी जीभ बाहेर, एका जागी बसेना. वसंतात एका गाभण मेंढीला त्यानं कड्याच्या टोकापर्यंत हाकललं आणि मागचा पाय फाडला. मेंढीला चावलेला कुत्रा आमच्याकडे ठेवत नाहीत. हानुसनं बंदूक काढली, पुसली, परत ठेवली. शेवटी जनावरांचा डॉक्टर मग्नी फिरतीवर आला होता, त्याच्यापुढे ब्रान्दुरला नेऊन उभं केलं. "एकदा बघ. मग मी आहेच."

मग्नीनं रक्त नेलं. काही दिवसांनी तो स्वतःच गाडी घेऊन वर आला, आणि दारातूनच विचारलं, "हानुस, कुत्र्याला काय घालतोस रे खायला?"

"गळ्याचे तुकडे. का?"

"त्याच्या रक्तात थायरॉईड हार्मोन मावत नाहीये. कुत्र्यांना हे कमी पडतं, असं जास्त व्हायचं कारणच नसतं." मग्नीनं मफलर सोडला. "आणि गळ्याचं बाकीचं मांस? ते कुठे जातं?"

"ते बिल्ला खाते. तो तिचा वाटा."

बिल्ला चुलीपाशी उभी होती. मग्नीनं तिच्याकडे पाहिलं. घामेजलेले हात, खोल गेलेली गालफडं, थरथरणारा चमचा. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट त्यालाही ठाऊक होतीच. तो फ्रीजरपाशी गेला, एक न कुटलेला गळा काढला, गरम पाण्यात धरला आणि हानुसच्याच सुरीनं उघडला. नळीच्या दोन्ही अंगांना अंगठ्याच्या पेराएवढ्या दोन तपकिरी गाठी चिकटलेल्या होत्या.

"ही मेंढीची थायरॉईड," तो म्हणाला. "काढून टाकायची असते. खिमा केलात की हार्मोन सगळ्या खिम्यात. आणि तळून, उकडून ते जात नाही. तू हिवाळाभर मेंढ्यांची थायरॉईड खातेयस, बाई."

बिल्ला खुर्चीवर बसली.

"आणि या ब्रान्दुरनं कुठल्या म्हातारीच्या गोळ्या चोरल्या म्हणे? विचारा की त्याला! किल्ली कुठे लपवलीस रे कुत्र्या?" ती हसत होती की रडत होती, कळेना. मग ती हानुसकडे वळली. "आणि तू! मेल्या, तळून तळून भरवलंस मला!"

"मला वाटलं तुला आवडतं."

"आवडायचंच रे! तेच तर!"

हानुस भिंतीला टेकून उभा होता, तोंड चुन्यासारखं पांढरं. "आईसुद्धा," एवढंच म्हणाला.

मालान दर हिवाळ्यात वाळायची, रात्र रात्र घरभर फिरायची, पोराला आणि सुनेला फाडून खायची. शेवटी छातीचे ठोके वेडेवाकडे पडायला लागले आणि एका मार्च महिन्यात ती गेली. डॉक्टर कशाला? स्वभावच तसा, म्हणाले सगळे. बिल्लाही म्हणाली होती. चांगली शेजारणींना हसवून म्हणाली होती.

हानुसनं फोन उचलला. "एल्स्पाला सांगतो. आत्ताच्या आत्ता."

"ठेव तो खाली." बिल्लानं डोळे पुसले. "मी सांगीन. पण आत्ता नाही. आत्ता गेले आणि तोंड उघडलं, तर काय म्हणतील? ग्रंथी बोलतेय, मेंढी बोलतेय, बिचारीचा दोष नाही. मला बिचारी नाही व्हायचं. रक्त साफ होऊ दे. कागदावर येऊ दे की ही बाई ठणठणीत आहे. मग बोलते."

आणि ती थांबली. ज्या बाईला सूप निवेपर्यंत दम नव्हता, ती थांबली! फ्रीजर रिकामा केला, सगळे गळे समुद्रात. छातीची धडधड ओसरली, झोप आली, हात स्थिर झाले. ब्रान्दुर तर तिच्याही आधी शहाणा झाला. डॉक्टरला मग्नीनं कळवलंच होतं. त्यानं बिल्लाला बोलावून घेतलं आणि, त्याचं एवढं मानलं पाहिजे, सरळ म्हणाला, "रक्ताचं मी बरोबर वाचलं. प्रश्न मात्र चुकीचा विचारला. गोळ्या कुठल्या घेता असं विचारलं, काय खाता असं विचारायला हवं होतं."

"आणि मी सांगितलं ते ऐकायला हवं होतं."

"हो. तेही."

"आणि आर्मगार्द? तिच्या गोळ्या कोण खातंय, ते विचारलंत कुणाला?"

त्यानं त्याच दिवशी विचारलं. गोळी वाटीत कॅल्शियमबरोबर जाते, आणि कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतं, रक्तात उतरू देत नाही. नियम कुणाचा, ते सांगायला नकोच. गोळी पुन्हा एकटी सुरू झाली.

बिल्लाच्या रक्तात टी-फोर उतरून जागेवर आला, पण टीएसएच उठेना. इतके महिने दाबून ठेवलेला हुकूम, तो जागा व्हायला वेळ घेतो, डॉक्टर म्हणाला. "तशा तुम्ही बऱ्या आहात."

"कागदावर?"

"कागदावर अजून नाही."

"मग मी थांबते."

दरम्यान गळ्याची आणि गोळीची गोष्ट गावभर झाली, आणि एल्स्पानं केक पाठवला. सोबत निरोप: गैरसमज झाला, केव्हाही कामावर ये. बिल्लानं केक कोंबड्यांना घातला. गाव म्हणायला लागलं, बरी झाली बाई, किती शांत झालीय! वाटेत भेटली तर मान डोलावून पुढे जाते. शांत म्हणे! हानुसला विचारा. घरात ती बाई रोज कणीक मळताना ओठ घट्ट मिटून परातीवर गुद्दे घालत होती.

बापाकडून खरं कळलं तशी रान्वा आली. आईच्या गळ्यात पडून खूप रडली. बिल्लानं तिला पोटभर रडू दिलं, मग पेटीतून चोळी काढून तिच्या मांडीवर टाकली. "ही वाढव. माझं वजन परत आलंय. रागसुद्धा. तुझ्यावरचा लग्नापर्यंत जाईल बहुतेक, घाई करू नकोस."

जूनमध्ये रिपोर्ट आला. टीएसएच जिथे असावा तिथे. टी-थ्री, टी-फोर सरळ. डॉक्टर म्हणाला, "आता तुमच्या रक्तात दोष काढायला जागा नाही." बिल्लानं कागदाची घडी केली, चांगला स्वेटर घातला, आणि दुपारी नेमकी मासे वाढायच्या वेळेला वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये शिरली.

"ये, ये बिल्ला!" एल्स्पा हसत उठली. "किती छान दिसतेस!"

"हे वाच."

एल्स्पानं वाचलं. "नॉर्मल आहे सगळं. वा! अभिनंदन."

"मोठ्यानं. मागच्या टेबलाला ऐकू गेलं पाहिजे."

"अगं, काय हे..."

"वाच."

एल्स्पानं मोठ्यानं वाचलं. काटे-चमचे थांबले.

"ऐकलंत सगळ्यांनी?" बिल्लानं हॉलवर नजर फिरवली. "म्हणजे आता मी जे बोलणार ते माझ्या ग्रंथीचं नाही, मेंढीचं नाही, हिवाळ्याचंही नाही. जून आहे. हे माझं आहे. एल्स्पा, तू मला इथे, या जागेवर, चोर ठरवलंस."

"मी असा शब्दही काढला नव्हता, बिल्ला."

"शब्द नाही काढलास, हात पसरलास. शब्द काढला असतास तर मी उत्तर तरी दिलं असतं! म्हातारीची गोळी तुझ्या वाटीनं खाल्ली आणि आळ माझ्यावर. मी भांडले तेव्हा हसलीस. आणि तुम्ही सगळे तिच्याबरोबर हसलात. असेच मालानला हसलात, ती मरेपर्यंत. मी पण हसले, मला पण आग लागो. पण यापुढे त्या घरच्या बाईला हिवाळा लागला असं ज्याच्या तोंडून निघेल, त्याच्या दारात येऊन मी उभी राहीन, आणि तेव्हा वाचायला कागद नसेल माझ्याकडे!"

एल्स्पाचे गाल लाल झाले होते. "मग आता काय हवंय तुला? केक पाठवला, निरोप पाठवला..."

"किल्ली. घेतलीस तशी दे. इथेच." आणि बिल्लानं हात पसरला. हात अजिबात थरथरत नव्हता.

एल्स्पानं कमरेची किल्ली सोडली आणि त्या हातावर ठेवली. "चुकलं माझं," ती पुटपुटली.

"मागच्या टेबलाला ऐकू नाही गेलं."

"चुकलं माझं!"

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "तिनं मला रोज गोळी दिली."

सगळे वळले. आर्मगार्द ताठ बसली होती. तोंडाची सूज उतरली होती, डोळे उघडे होते, आवाज स्वच्छ होता. "पाण्याबरोबर. मग तोंड उघड म्हणायची, जीभ उचल म्हणायची. एक दिवस चुकवला नाही. हे मी तेव्हाच सांगत होते. तुम्ही कुणी थांबलाच नाहीत."

या खेपेला सगळे थांबले होते. बिल्लाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हिवाळाभर जे आलं नव्हतं ते सगळं आलं, आणि तिनं ते पुसलंही नाही. मग तिनं आर्मगार्दच्या ताटातल्या बटाट्याला बोट लावलं.

"गार!" ती ओरडली. "म्हाताऱ्या माणसांना असं गारढोण वाढतात?" आणि बटाट्यांचं भांडं उचलून ती तरातरा स्वयंपाकघराकडे गेली. मागे हॉलमध्ये एकही माणूस हसला नाही.